सायकलीवरून घाट चढतांना

"आगगाड्या, मोटारी आणि एस. टी. च्या गाड्या सुखानें घाट चढून जात असतां तुमच्यासारख्या भल्या माणसानें सायकल कां दामटावी?" हा प्रश्न आमचे स्नेही आम्हांस वर्षांतून निदान चार वेळां तरी विचारतात. विचारतांना ते आमच्या पिकूं लागलेल्या केसांकडे पाहतात. आणि आमची पत्नी जवळ असल्यास तिच्याकडे सहानुभूतीनें पाहतात. आम्ही बहुधा हंसून वेळ मारून नेतों. परंतु यंदां तसें करून भागण्यासारखें नाहीं. नववी-दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं "सर, आम्हांलाहि घाटावर न्या" असा लकडा लावला आहे. त्यांच्या पालकांपैकीं कांहींनीं "नेऊं नका, अभ्यास बुडेल" असें कळविलें आहे. कांहींनीं "अवश्य न्या, आणि शेवटपर्यंत चढवूनच परत आणा" असें बजावलें आहे. पहिल्या पालकांची काळजी आम्हांस समजते. दुसऱ्यांच्या आग्रहाची मात्र आम्हांस थोडी भीति वाटते. ती कां, हें सांगण्यासाठींच हा लेख.

घाट म्हणजे काय, हें मराठी माणसास सांगावें लागत नाहीं. कोंकण आणि देश यांच्यामध्यें सह्याद्रीची जी भिंत उभी आहे, ती ओलांडण्याच्या वाटा म्हणजे घाट. त्यांत आपल्या सर्वांच्या परिचयाचा बोरघाट. खोपोलीहून खंडाळ्यास पोंचेपर्यंत प्रवासी जवळजवळ पांचशें मीटर उंच चढतो. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां १८३० सालीं येथला गाडीरस्ता खुला झाला, आणि १८६३ सालीं आगगाडीहि याच घाटानें वर आली. ही वाट शिंग्रोबा नांवाच्या एका धनगरानें इंग्रजांस दाखविली अशी आख्यायिका आहे; त्याचें देऊळ आजहि घाटांत आहे. आख्यायिकेंत इतिहास किती हें इतिहासकारांनीं ठरवावें. परंतु नकाशे काढणाऱ्या इंजिनिअरांच्या आधीं मेंढरांमागें अनवाणी चालणाऱ्या माणसाला डोंगर ठाऊक होता, हें त्या कथेंतील मर्म आम्हांस पटतें. डोंगराची ओळख पायांनींच होते. मुंबई-पुणें सायकल शर्यतींत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्या वीरास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविण्याची जी प्रथा पडली, तीहि याच भावनेंतून पडली असावी.

आमचें स्वतःचें प्रेम मात्र वाईहून पांचगणीस जाणाऱ्या पसरणीच्या घाटावर आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंच, आणि पांचगणी सुमारें तेराशें. मधला रस्ता बारा किलोमीटरांच्या आसपास. आतां गणिताच्या तासास झोंप येणाऱ्या विद्यार्थ्यानेंहि हा हिशेब करून पाहावा. बारा हजार मीटर चाललों तर सहाशें मीटर चढलों. म्हणजे वीस मीटरांमागें एक मीटर. ऐकतांना हा चढ क्षुल्लक वाटतो. पण सायकलस्वार आणि सायकल मिळून ऐंशीं किलोग्रॅम वजन धरलें, तर तें सहाशें मीटर उचलण्यास सुमारें पावणेपांच लक्ष जूल इतकें कार्य करावें लागतें. आपल्या स्नायूंना अन्नांतील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलापर्यंत पोंचवितां येतो. बाकीची उष्णता होऊन अंगाबाहेर जाते. म्हणजे एका पसरणीच्या घाटासाठीं सुमारें साडेचारशें किलोकॅलरी, अर्थात् ज्वारीच्या तीन-चार भाकऱ्या, जाळाव्या लागतात. त्यांतला मोठा भाग नुसता घामावाटें जातो! घाट चढणारा इतका कां तापतो, याचें उत्तर या हिशेबांत आहे, आणि तें पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे.

दुसरी एक गोष्ट पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत थोडक्यांत सांपडते, पण घाटांत ती अंगास लागते. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रु वारा. दुसऱ्या स्वाराच्या पाठीशीं चिकटून गेलें, तर पुढच्यानें वारा कापलेला असल्यामुळें मागच्याचे श्रम पाव हिश्शानें, कधीं त्याहूनहि अधिक, वांचतात. शर्यतींतले स्वार यासाठींच झुंडीनें जातात. परंतु चढ लागला, वेग दहा किलोमीटरांवर आला, कीं वाऱ्याचें महत्त्व संपतें आणि गुरुत्वाकर्षणाचें राज्य सुरू होतें. मग कोणाच्या आड लपून कांहीं मिळत नाहीं. श्रीमंताची हलकी परदेशी सायकल त्याचे दोनचार किलोग्रॅम वांचवील. बाकीचें ओझें त्याचें त्यालाच वाहावें लागतें. वर्गांत शेजाऱ्याच्या वहींत डोकावून वेळ निभावून नेणाऱ्या मुलासहि पसरणीच्या तिसऱ्या वळणावर आपली स्वतःची वही उघडावी लागते. खालीं धोमच्या जलाशयाचें पाणी चमकत असतें, आणि वरचें पांचगणीचें पठार आहे त्या ठिकाणींच राहतें. अशा वेळीं मनुष्याला आपल्या बळाचें खरें माप कळतें. आम्ही घाट चढतों तो मुख्यतः या मापासाठीं.

परंतु माप कळणें ही एक गोष्ट, आणि कळलेलें माप मानणें ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठीं वाचकांस थोडें फ्रान्स देशाकडे नेतों. आम्ही स्वतः तेथें गेलों नाहीं. पण तेथल्या घाटांच्या कथा आम्हीं इतक्या वेळां वाचल्या आहेत कीं त्यांचीं नांवें आम्हांस आंबेनळी-वरंध्याइतकीच घरचीं वाटतात.

फ्रान्सची प्रदक्षिणा करणारी 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. १९१० सालीं चालकांनीं तिचा मार्ग प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेला. त्यांत तूर्माले ही २,११५ मीटर उंचीची खिंड होती. त्या काळीं तेथें डांबरी रस्ता नव्हता. दगडधोंड्यांची वाट होती. सायकलींस आजच्यासारखे गिअरहि नव्हते. मागच्या चाकाच्या दोन बाजूंस दोन दांतेरीं चक्रें असत. चढ आला कीं खालीं उतरून चाक काढावयाचें, उलटें बसवावयाचें, आणि पुढें निघावयाचें. चालतां चालतां गिअर बदलण्याच्या यंत्रास या शर्यतींत परवानगी मिळाली ती थेट १९३७ सालीं. अशा सायकलींवर, बगनेर-द-ल्यूशों गांवाहून बायोनपर्यंत, एका दिवसांत सव्वातीनशें किलोमीटरांची मजल होती, आणि वाटेंत तूर्मालेखेरीज आणखीहि खिंडी होत्या!

त्या दिवशीं गुस्ताव्ह गारिगू नांवाचा स्वार तूर्मालेचा सगळा चढ एकदांहि पाय न टेकतां चढला, आणि त्याबद्दल त्यास खास बक्षीस मिळालें. पण खिंडीच्या माथ्यावर त्याच्या आधीं पोंचला तो ऑक्ताव्ह लापीझ. आणि हा लापीझ चढाच्या कांहीं भागांत सायकलीवरून उतरून, तिला हातानें ढकलीत, चक्क पायीं चालत आला होता. तो दिवस त्यानें जिंकला, आणि त्या वर्षींची सबंध शर्यतहि त्यानेंच जिंकली. पुढें पहिल्या महायुद्धांत तो वैमानिक झाला आणि १९१७ च्या जुलै महिन्यांत लढाईंत कामास आला. गारिगूच्या पराक्रमास आम्ही वंदन करतों. परंतु वर्गांत सांगण्यासारखी गोष्ट लापीझची आहे. 'पायउतार होणें' हा शब्द आपण मराठींत मंत्रिपद गेलेल्या माणसासाठीं वापरतों, आणि त्यांत एक प्रकारची नामुष्की गृहीत धरतों. लापीझ पायउतार झाला, चालला, पुन्हां बसला, आणि जिंकला.

याच तूर्मालेच्या उतरणीवर १९१३ सालीं आणखी एक प्रसंग घडला. यूजेन क्रिस्तोफ नांवाच्या स्वारास त्या वर्षीं जिंकण्याची उत्तम संधि होती. उतरतांना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा होता कीं मोडलेली वस्तु स्वारानें स्वतःच दुरुस्त करावी. दुसऱ्या कोणाचा हात लागतां कामा नये. क्रिस्तोफनें सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून अधिक अंतर चालत तो सेंत-मारी-द-कांपां या गांवीं आला. तेथें एका लोहाराचें दुकान होतें. लोहार शेजारीं उभा. पंचहि पहाऱ्यास उभे. आणि हा शर्यतीचा वीर भट्टीपुढें लोखंड तापवून ठोकीत बसला आहे! कित्येक तास त्यांत गेले. दोन्ही हात कामांत गुंतल्यामुळें त्यानें एका पोराकडून भात्याला थोडा वारा घालवून घेतला. पंचांनीं तेवढ्यासाठींहि त्याच्या वेळांत कांहीं मिनिटांचा दंड चढविला. क्रिस्तोफ पुढें निघाला, आणि शर्यतीच्या अखेरीस त्याचा क्रमांक सातवा आला. नियम कठोर होता, दंड तर अन्यायाचाच वाटतो. पण आज शंभरांहून अधिक वर्षांनीं त्या गांवीं लोक जातात ते सातव्या आलेल्या माणसाची आठवण काढण्यासाठीं जातात. त्या सालचा पहिला कोण, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं शोधून काढावें. आम्ही मुद्दामच सांगत नाहीं.

आतां फ्रान्सच्या दक्षिणेस, प्रोव्हान्स प्रांतांत या. तेथें मों व्हांतू नांवाचा एकाकी पर्वत आहे. उंची सुमारें १,९१० मीटर. माथ्यावर झाड नाहीं, पांढऱ्या चुनखडीचे खडे पसरलेले. उन्हाळ्यांत ऊन्ह खालूनहि भाजतें आणि वरूनहि. बेद्वां गांवाहून माथ्यापर्यंत एकवीस किलोमीटरांत सुमारें सोळाशें मीटरांचा चढ आहे. म्हणजे सुमारें तेरा मीटरांमागें एक. पसरणीचा घाट त्यापुढें पाळण्यांतलें मूल होय.

या पर्वताच्या दोन कथा आम्ही नेहमीं एकत्र सांगतों. पहिली पेत्रार्क या इटालियन कवीची. १३३६ सालच्या एप्रिलच्या २६ तारखेस आपण धाकट्या भावासह हा पर्वत चढलों, असें त्यानें एका पत्रांत लिहून ठेवलें आहे. वाटेंत एक म्हातारा मेंढपाळ भेटला. त्यानें त्यांस परोपरीनें परावृत्त केलें. भाऊ सरळ चढणीनें वर गेला. पेत्रार्क सोपी वाट शोधीत पुनःपुन्हां दरींत उतरत राहिला, आणि त्यामुळें त्याचे श्रम दुप्पट झाले. शेवटीं माथ्यावर पोंचल्यावर त्यानें खिशांतलें संत ऑगस्टीनचें आत्मनिवेदन सहज उघडलें. जें पान उघडलें त्यांत, माणसें पर्वतांचीं शिखरें पाहावयास जातात आणि स्वतःकडे पाहावयास विसरतात, अशा अर्थाचा मजकूर होता. पेत्रार्क खजील झाला आणि उतरतांना वाटभर अबोल राहिला.

दुसरी कथा टॉम सिम्प्सन या इंग्रज स्वाराची. १९६५ सालीं तो व्यावसायिक स्वारांच्या रस्त्यावरील शर्यतींतला जगज्जेता झाला होता. १९६७ च्या जुलैच्या १३ तारखेस 'टूर द फ्रान्स'चा मार्ग याच पर्वतावरून जात होता. ऊन्ह भयंकर होतें. माथा दोनएक किलोमीटरांवर असतां सिम्प्सन वेडावांकडा चालूं लागला आणि कोसळला. त्याला पुन्हां सायकलीवर बसविण्यांत आलें. तो कांहींशें मीटर गेला, पुन्हां कोसळला, आणि त्यांतच त्याचा अंत झाला. वय अवघें एकोणतीस. त्याच्या शरीरांत उत्तेजक औषध आणि मद्यहि सांपडलें. हें औषध शक्ति देत नाहीं; थकवा झालेला असतां तो कळूं देत नाहीं, एवढेंच करतें. शरीर 'थांब' म्हणून जो निरोप पाठवितें, तो निरोप आणणाऱ्या जासुदाचाच तें गळा दाबतें. माथ्याच्या अलीकडे जेथें तो पडला तेथें आज दगडी स्मारक आहे, आणि चढून जाणारे स्वार तेथें पाण्याची बाटली किंवा टोपी ठेवून पुढें जातात. सिम्प्सन शूर होता यांत संशय नाहीं. त्याच्या शौर्यास थांबण्याची विद्या शिकविणारें कोणी त्या दिवशीं त्याच्याजवळ नव्हतें.

या कथा आमच्या मनांत होत्या, म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं आंबेनळीच्या घाटांत आमच्यावर जो प्रसंग आला त्या वेळीं निर्णय घेणें आम्हांस सोपें गेलें. आंबेनळीचा घाट पोलादपूरहून महाबळेश्वरास जातो. अंतर सुमारें चाळीस किलोमीटर, आणि चढ बाराशें मीटरांहून अधिक. सावित्री नदी महाबळेश्वरास उगम पावून पोलादपूर-महाडाकडे उतरते. सायकलस्वार जणूं नदीच्या उलट, तिच्या माहेराकडे निघालेला असतो. मार्च महिन्याचा आरंभ होता. आम्ही, आमचे एक सहकारी शिक्षक, आणि शाळा सोडून कॉलेजांत गेलेले तीन माजी विद्यार्थी असे पांच जण पहांटे निघालों. त्या तिघांतला सर्वांत दणकट मुलगा पहिल्यापासून पुढें होता.

दहाच्या सुमारास, वाडाकुंभरोशी जवळ आली असतां, तो आम्हांस रस्त्याच्या कडेला गांठ पडला. सायकल वेडीवांकडी चालली होती. चेहरा लाल, ओंठ कोरडे, आणि अंगावर घाम नाहीं. वर हिशेब केलेली ती उष्णता बाहेर जाण्याचें दार बंद होऊं लागलें होतें. आम्हीं त्याला खालीं उतरविलें, आणि आपण कोणत्या गांवाहून निघालों असें विचारलें. त्यानें भलत्याच गांवाचें नांव सांगितलें. जवळच एका मावशींची चहाची टपरी होती. त्या माउलीनें कांहीं न विचारतां आंतली बाज सांवलींत टाकली, घागरभर पाणी दिलें, आणि स्वतःच्या लुगड्याचें धडपें भिजवून त्याच्या मानेवर ठेविलें. घटकाभरानें तो सावध झाला, मीठ-साखर घातलेलें लिंबाचें पाणी प्याला, आणि लगेच सायकलीकडे पाहूं लागला.

"सर, आतां बरं वाटतंय. थोडंच तर राहिलं आहे."

महाबळेश्वर अजून वीस किलोमीटर होतें. आम्हीं नकार दिला. तेव्हां तो धिप्पाड मुलगा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सर, घरीं काय तोंड दाखवूं?"

आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं. खालीं जाणारा एक भाजीचा टेंपो थांबविला, दोन्ही सायकली त्यांत चढविल्या, आणि त्याला घेऊन पोलादपुरास डॉक्टरांकडे गेलों. बाकीच्या तिघांनीं सावकाश घाट पुरा केला. आमचा मात्र अर्धाच राहिला. आमच्या टिपणवहींत त्या तारखेपुढें आजहि 'अर्धा' असाच शेरा आहे. डॉक्टरांनीं सलाईन लावलें, आणि "आणखी तासभर उन्हांत राहिला असता तर माझ्या हातीं कांहीं राहिलें नसतें," असें आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें.

संध्याकाळीं मुलाचे वडील मोटार घेऊन आले. ते मुलाच्या खाटेजवळ बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनीं "सायकल कुठें आहे?" एवढेंच विचारलें. ओसरीवर उभी केलेली सायकल त्यांनीं स्वतः उचलली, खिशांतल्या रुमालानें तिच्यावरची धूळ पुसली, आणि मोटारीच्या टपावर बांधली. निघतांना ते आमच्याजवळ आले आणि खालीं पाहत म्हणाले, "सर, मीच त्याला सांगितलं होतं, वर पोचल्याशिवाय फोन करूं नकोस म्हणून."

त्या गृहस्थांचा आम्हांस राग आला नाहीं, येतहि नाहीं. आपला मुलगा कोठें कमी पडूं नये असें कोणत्या बापास वाटत नाहीं? परंतु "वर पोचल्याशिवाय फोन करूं नकोस" हें वाक्य आम्हीं त्यानंतर किती घरांत ऐकलें, तें मोजलें नाहीं. कधीं तें परीक्षेच्या टक्क्यांविषयीं असतें, कधीं शिष्यवृत्तीविषयीं, कधीं डॉक्टर-इंजिनिअर होण्याविषयीं. मूल तें वाक्य खिशांत घेऊन चढत राहतें, आणि घाम थांबला तरी कोणाला सांगत नाहीं.

तोच मुलगा पुढच्या डिसेंबरांत पुन्हां आमच्याबरोबर आंबेनळीस आला. दोन ठिकाणीं तो पायउतार होऊन चालला. पहिल्याच ठिकाणीं त्यानें खिशांतून फोन काढला आणि घरीं कळविलें, "बाबा, आतां चालतोय." पलीकडून काय उत्तर आलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, मुलगा मात्र हंसत होता. दुपारच्या आंत तो महाबळेश्वरास पोंचला. त्या माउलीच्या टपरीवर आम्ही सर्वांनीं दोन दोन कप चहा घेतला होता, हें सांगणें नकोच.

यावर कोणी म्हणेल कीं अशा सबुरीनें मोठे पराक्रम होत नाहींत. आमचा अनुभव व वाचन याच्या उलट आहे. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या एका व्यायाममंडळांतले सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनीं ती पुरी केली. १९२८ सालीं ते मुंबईस परतले तेव्हां सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास झाला होता. वाळवंटें आणि पर्वत त्यांनीं एका उडींत ओलांडले नाहींत. साडेचार वर्षें दररोज थोडें थोडें ओलांडले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटरांची एक शर्यत दर वर्षीं होते. तींत रॉकी पर्वतांतल्या तीन हजार मीटरांहून उंच खिंडी ओलांडाव्या लागतात. २०१५ सालीं नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनीं दोघांच्या संघांत ती नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. एक भाऊ सायकलीवर असे तेव्हां दुसरा विसांवा घेई. २०१७ सालीं लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकेकट्यानें, बारा दिवसांच्या मुदतीच्या आंत पुरी केली. एकेकटे म्हणावयाचे, पण त्यांच्यामागून मोटारींत त्यांचे मदतनीस होते. किती झोंपावयाचें, काय खावयाचें, केव्हां थांबावयाचें, याचा हिशेब ते मदतनीस ठेवीत. इतक्या मोठ्या वीरांसहि 'आतां थांब' असें सांगणारा माणूस जवळ लागतो. मग नववीच्या मुलास लागला तर त्यांत कमीपणा तो काय?

उंचीच्या मोहाविषयींहि दोन शब्द. लडाखांत लेहजवळ खारदुंग ला नांवाची खिंड आहे. तेथल्या फलकावर अनेक वर्षें १८,३८० फूट अशी उंची लिहिलेली होती, आणि जगांतला सर्वांत उंच मोटाररस्ता म्हणून ती मिरविली जाई. पुढें उपग्रहांच्या साह्यानें मोजणी झाली, तेव्हां उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारें १७,५८० फूट निघाली. तिच्याहून उंच रस्तेहि आतां झाले आहेत. आमच्या ओळखीच्या एका तरुणानें ती खिंड सायकलीनें गांठली होती. फलकावरचे आठशें फूट कमी झाल्याचें ऐकून तो म्हणाला, "फलकाची उंची कमी झाली, माझा दम लागला होता तेवढाच राहिला." विद्यार्थ्यांनीं हें उत्तर प्रगतिपुस्तकाच्या दिवशीं आठवावें.

विद्यार्थिमित्रहो, आतां आमचा निर्णय ऐका. येत्या नाताळच्या सुट्टींत आम्ही तुम्हांस पसरणीच्या घाटास नेणार आहों. मुलांस आणि मुलींसहि. पहांटे निघूं. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, चणे-गूळ, आणि डोक्यावर हेल्मेट असलेंच पाहिजे. सायकलीचे दोन्ही ब्रेक आम्ही आदल्या दिवशीं स्वतः तपासूं. ज्याचे ब्रेक बरोबर नसतील त्यानें घरीं राहावें, कारण चढतांना माणूस दमतो, पण जिवावर बेततें तें उतरतांना. उतारावर वळण येण्यापूर्वींच वेग कमी करावयाचा, वळणांत शिरल्यावर नव्हे. कानांत गाणीं लावावयाचीं नाहींत. चढावर मालमोटारीची सांखळी धरून जाण्याची कांहीं धाडसी वीरांस संवय असते. तसें करतांना जो दिसेल त्याची सायकल आम्ही तेथेंच टेंपोंत घालूं. ती मदत सिम्प्सनच्या औषधाच्या जातीची आहे. ती आपलें माप आपणांसच खोटें सांगते. ज्याला दम लागेल त्यानें उतरावें, चालावें, झाडाखालीं बसावें. त्यास कोणी हंसल्यास हंसणाऱ्यास आम्ही त्याच्यासोबत चालावयास लावूं.

आणि पालकबंधुभगिनींनो, आपणांकडे संमतिपत्र येईल, त्यांत नेहमींच्या मजकुराखालीं एक जास्त ओळ आम्हीं घातली आहे. आपला मुलगा किंवा मुलगी अर्ध्या वाटेंतून परत आल्यास आमची कांहीं हरकत नाहीं, अशी ती ओळ आहे. तिच्यापुढें आई आणि वडील या दोघांच्या सह्या लागतील. ज्या पत्रावर त्या दोन सह्या नसतील तें पत्र आम्ही परत पाठवूं. सही करण्यापूर्वीं तें पत्र मुलांसमक्ष मोठ्यानें वाचावें, एवढीच आमची विनंति.